कोंबडीला पाणी घालायला

"ताई, या खेपेला कोंबडा नाही," सर्वेश फोनवर म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच त्याने पुढचं सांगितलं. "पण म्हैस आहे."

"गाय आहे ती. हौशी."

"गाय तर गाय. दीपगृहावरची मुलगी बापाची होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते, तिथे तुम्ही थांबता. फार छान थांबता. आणि नेमकी तेव्हाच तुमची हौशी हंबरते. इथे सगळे हसले ताई. मीही हसलो. सर मात्र नाही हसले."

सर्वेश पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत होता. ही कंपनी पुस्तकं वाचून घ्यायची आणि लोकांना ऐकायला द्यायची. वाचणाऱ्यांतली मी एक. आमच्या मालवणाकडच्या घरात आगोटीचं सामान ठेवायची एक काळोखी खोली होती, पावसाळ्याआधी भरून ठेवतात त्या जिनसांची. तिच्या चारही भिंतींना मी गोधड्या ठोकल्या होत्या आणि भाताच्या पिंपावर लॅपटॉप ठेवून, माझी लेक जाई झोपली की, मी तिथे वाचत बसायचे.

ठाणं सोडून आम्ही इथे आलो ते माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या आत्याची दोन एकर जमीन कसायला. जमीन गुणाची होती. भात, भाजी, नारळ, अंडी, दूध, पोटाला काही कमी पडू देत नव्हती. पण विजेचं बिल, जाईचं औषधपाणी, हौशीची पेंड हे तिच्याकडे मागून मिळत नाही. ते माझा आवाज आणायचा. आणि ज्या संसारासाठी तो आणायचा, त्याच संसारातले कोंबडे, गाय, पंप, शेजारचा मिक्सर आणि आमची दीड वर्षांची लेक तो दर दोन मिनिटांनी मोडायचे.

"सोमवारपर्यंत अख्खं पुस्तक स्वच्छ करून द्या," सर्वेश हळू आवाजात म्हणाला. "दिलंत तर सर दर महिन्याला काम देणार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी. नाहीतर हे पुस्तक इथल्याच स्टुडिओतल्या कुणाला तरी जाईल. आणि मग पुढचीही."

रेंज फक्त गावामागच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर यायची. तिथून मी घरी आले तेव्हा मंदार पडवीत जाईला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सरकून मला जागा करून दिली. माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असणार. ठाण्याच्या जुन्या ऑफिसातून त्याला दोनदा फोन येऊन गेले होते आणि महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. आमचं ठरलं होतं. पुस्तकांचं काम पक्कं झालं तर राहायचं. नाही झालं तर हौशी द्वारकाकाकींना द्यायची आणि घराला कुलूप लावायचं.

द्वारकाकाकी आमच्या शेजारच्या. वाडीच्या त्या वाटेवर सात घरं, त्यांतली पाच गणपतीपुरती उघडायची. उरली दोन, एक काकींचं आणि एक आमचं. काकींचे मुलगे मुंबईला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज संध्याकाळी त्या कुंपणाजवळ काहीतरी घेऊन यायच्या, कधी नीरफणस, कधी टोमणा.

"काय गो, झाली बडबड?" त्या दिवशी त्यांनी विचारलं. "घरात बसान तोंड चालवल्याचे पैशे मिळतत, तर माझो आतापर्यंत बंगलो झालो असतो."

"काकी, तुमचा मिक्सर उद्या जरा दुपारनंतर लावाल?"

"उद्या कसलो मिक्सर? उद्या रवता कोण हय? देवाचो कौल झालो. गुरवारी गावपळण."

गावपळण मी ऐकून होते, पाहिली नव्हती. काही वर्षांनी एकदा देव सांगतो तेव्हा सगळं गाव घरं टाकून वेशीबाहेर जातं. तीन रात्री तिथेच राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी. तेवढे दिवस गाव देवाचं. तो फिरतो, काय करायचं ते करतो, आणि पुन्हा कौल दिला की माणसांनी परत यायचं.

काकी बोलत होत्या, कुठली भांडी घ्यायची, झावळं कोण देणार. माझ्या कानात मात्र एकच गोष्ट शिरली होती. कोंबडा नाही. गाय नाही. पंप नाही. मिक्सर नाही.

गुरुवारी सकाळी ढोल वाजला. काकी काठी घेऊन दारोदार फिरल्या. गावचे मानकरी बाबलकाका म्हणजे त्यांचे धाकटे दीर. पण त्यांच्यापेक्षा काकींचाच वचक जास्त. "पोपट घेतलास? मांजर खय आसा? फ्रीज बंद केलंस काय गो? मागे कोण म्हणजे कोण रवूचा नाय." एका घरातली आजारी म्हातारी खुर्चीत बसवून नेली. हौशी आमच्या आधी निघाली, जशी काही तिला सवयच होती.

ओढ्यावर लाकडाचा साकव आहे. तो ओलांडला की माळ. तिथे दुपारपर्यंत झावळांच्या झोपड्यांची ओळ उभी राहिली आणि संध्याकाळी तर जत्राच भरली. चुलींवर तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं शिजत होतं, पोरं ओढ्यात, बायका फुगडीत. जाई या झोपडीतून त्या झोपडीत दुडुदुडु फिरत होती आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी खाऊन येत होती. मला हे सगळं फार आवडलं, आणि सारखं वाटत होतं की आपण हे शेवटचं बघतोय.

शुक्रवारी सकाळी मी मंदारला म्हटलं, "मी घरी जाते. वाचून येते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकींना कळलं तर?"

"कळलं तर ठाण्याला जायची वेळच येणार नाही. त्याआधीच मारतील."

"वृंदा, चेष्टा नको. लोकांचा देव आहे."

"माहीत आहे. सोमवारही माहीत आहे."

मग त्यानेच जाईला उचललं आणि बादलीत लॅपटॉपवर धुवायचे कपडे नीट पसरून दिले.

मी ओढ्याकाठाने वर गेले, बायका दिसेनाशा झाल्यावर दगडांवरून पलीकडे उतरले. गावात शिरले आणि पाय आपोआप हळू पडायला लागले. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दारं बंद, अंगणं झाडलेली, दोऱ्यांवर कपडे नाहीत. तुळशीपुढे दिवा नाही. माझीच चप्पल मला मोठ्याने वाजल्यासारखी वाटली म्हणून मी ती हातात घेतली. मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, फिरत असशील तर फिर बाबा, मी फक्त वाचणार आहे.

खोलीत बसले, माइक लावला, पहिलं वाक्य वाचलं. काय गोड लागला मला माझा आवाज. दुसरं वाक्य वाचलं. तिसऱ्याच्या मध्ये कोणीतरी म्हणालं, "कुर्रक."

माझ्या हातून पुस्तक पडलं. पिंपामागे टोपली होती. टोपलीत भुसा, भुशावर अंगाचा फुगा करून बसलेली तांबडी कोंबडी. काकींची. ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती आणि मी तिच्याकडे दोन्ही डोळ्यांनी.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. पिंपात जागा असती तर मी त्यातही लपले असते. दार ढकलून द्वारकाकाकी आत आल्या, एका हातात तांब्या, पदराखाली कण्यांची वाटी.

"तू?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही?" मी म्हटलं.

कोंबडी पुन्हा म्हणाली, कुर्रक. तिला आमच्यातलं काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

काकी आधी सावरल्या. "माका चलता. मी मानकऱ्याच्या घरची." मग दाराशीच बसल्या आणि खोटं पुढे रेटायचा कंटाळा आल्यासारखं बोलल्या, "खय चलता म्हणा. अंडी फुटूक इली गो. आता माळार नेली तर ही उठान जातली आणि पिलां आतल्या आत मरतली. माझ्याकडे भायरसून मांजर येता. तुझी ही खोली काळोखी, गोधडयेची. आतलो आवाज भायर जावचो नाय म्हणान टोपलीसकट हळूच हय आणून ठेवलंय."

आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"काल सगळ्या गावाला दमात घेत होतात," मी म्हटलं.

"मगे? कोणाक संशय इलो?" त्यांनी वाटी टोपलीशी सरकवली. "आता तुझा सांग."

मी सांगितलं. सोमवार, सर्वेश, ठाणं, सगळं. हौशी त्यांना द्यायची ठरली होती तेही. गावात मी हे कुणाला बोलले नव्हते. काकी ऐकत होत्या आणि तांब्याच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. मला वाटलं, आता टोमणा येणार.

"वाच," त्या म्हणाल्या.

"ही मध्येच बोलते काकी."

"हिका मी बघतंय. तू वाच."

त्या टोपलीला टेकून बसल्या. एक हात कोंबडीच्या पाठीवर हलकेच ठेवला, वरून पदर ओढला. कोंबडीने मान आत घेतली आणि झोपाळू पोरासारखी निवांत झाली. मी वाचायला लागले.

त्या दिवशी मी जसं वाचलं तसं कधीच वाचलं नव्हतं. एरवी मी गोधडीला वाचून दाखवायचे. त्या दिवशी समोर माणूस होतं. दीपगृहावरची मुलगी एकटी दिवा लावते, बापाच्या होडीची वाट बघते, वादळ येतं, चार दिवस होतात, बाप येत नाही.

"इलो काय तो?" काकींनी विचारलं.

"काकी, रेकॉर्डिंग चालू आहे."

"असांदे. इलो काय?"

मला ते पान पुन्हा वाचावं लागलं. त्यानंतर त्या तोंडावर पदर धरून बसल्या. ऊन मागच्या दाराशी आलं तेव्हा निम्मं पुस्तक झालं होतं आणि माझा घसा पार बसला होता. काकी आधी निघाल्या, मी थोड्या वेळाने. लॅपटॉप खोलीतच ठेवला आणि कपडे ओढ्यात नुसते बुडवून परत नेले.

शनिवारी जाता आलंच नाही. बाप्यांनी साकवाजवळ पत्त्यांचा डाव मांडला आणि माझ्या दगडांच्या वाटेवर पोरं गळ टाकून बसली. काकी पाणी भरायच्या निमित्ताने दोनदा तिथवर गेल्या आणि पोरांवर ओरडून परत आल्या. पोरं ढिम्म हलली नाहीत. मी झोपडीच्या दाराशी बसून उरलेलं पुस्तक मनातल्या मनात वाचत राहिले. मंदार म्हणाला, "उद्या कौल झाला की गाव परत जाईल. मग कोंबडे आहेतच."

"हो," मी म्हटलं.

रविवारी सकाळी सगळे वेशीवरच्या देवळापुढे जमले. गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर गावात चला, डावीकडची पडली तर थांबा. मंदारने माझा हात धरला होता.

डावी पडली.

एक सुस्कारा सगळ्या माळावरून गेला. कुणाची पोरं उद्या शाळेला जायची होती, कुणाला बँक होती, कुणाचं तांदळाचं पीठ संपलं होतं. गुरवाने पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. बाबलकाका उठून उभे राहिले. थकलेला, सभ्य माणूस. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मागे काय तरी रवला आसा. कोणाचा आसात तर सांगा. देव रागवाक नाय, थांबलो आसा."

मी उठायला हात टेकला, एवढं नक्की आठवतं. पण माझ्या खांद्यावर एक हात पडला आणि मला खाली दाबून, त्याच दाबाचा आधार घेऊन द्वारकाकाकी उभ्या राहिल्या.

"माझी कोंबडी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोंबडी. अंड्यांवर बसलेली. उचलूक झाली नाय. शुक्रवारी जावन पाणी घातलंय."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनाच मोकळं झाल्यासारखं झालं.

"वयनी, तुम्ही?" बाबलकाका म्हणाले. "माझ्या पोपटाचो पिंजरो तुम्ही स्वतः बघून घेतल्यात."

"घेतलंय. पोपट उचलूक येता. माझी कोंबडी उचलूक येवची नाय."

"काकी, रात्री कोंबडी देवाक भेटली काय?" एका तरुणाने विचारलं.

"भेटली. तुझ्याबद्दल विचारी होती."

मोठा हशा पिकला. त्यांनी तो सगळा अंगावर घेतला, पाठ ताठ ठेवून. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ज्या बाईचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नव्हतं, तिची दिवसभर कोंबडीवरून टिंगल होणार होती, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

बाबलकाकांनी देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घातलं, की म्हातारीची चूक पदरात घे, आणखी एक दिवस आम्ही बाहेर राहतो. गुरवाने पाकळ्या लावल्या. या वेळी उजवी पडली.

"म्हणजे उद्या सकाळी चला," बाबलकाका म्हणाले. "नि त्या कोंबडयेक आजच्या दिवस कोणी हात लावू नको."

"पाणी?" काकी म्हणाल्या.

"काय पाणी?"

"काल कोणी गेला नाय. भांड्यात पाणी नाय. उन्हाची मरतली ती. आता देवाक सांगान झाला आसा, तर कोणी एकट्यान जावन पाणी घालूक होया. भावजीनू, तुम्हीच सांगा, जीव मारूचो काय पळणीत?"

बाबलकाकांनी कपाळ चोळलं. "बरा. एकट्यान जावा. तुम्ही जावा."

"माझे गुडघे धरले. वृंदा जातली. कोंबडी तिच्याच घरात आसा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"जाशील गो?" बाबलकाकांनी विचारलं.

"जाईन," मी म्हटलं.

"लगेच ये."

"लगेच कशी येतली?" काकी म्हणाल्या. "कोंबडी लाजता. नवीन माणसासमोर पाणी पियना. बसान रवूक लागता. दिवेलागणीपर्यंत येतली."

बाबलकाकांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे, मग मंदारकडे, मग आमच्या झोपडीच्या दाराशी ठेवलेल्या त्या बादलीकडे, जिच्यातले कपडे तीन दिवस धुवून होत नव्हते. "कोंबडी लाजता," ते म्हणाले. "बरा. बसान ये मगे."

साकवापर्यंत काकी माझ्याबरोबर आल्या. जाई त्यांच्या कडेवर होती, त्यांच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होती.

"काकी, तुम्ही का केलंत हे? लोक वर्षभर हसतील."

त्या गावाकडे बघत होत्या. झाडांतून आमच्या वाटेवरची कौलं दिसत होती.

"पळणीत कोण रडत नाय, बघलंस?" त्या म्हणाल्या. "सगळी जातत, पण सगळी परत येतत. देव सांगता जावा, देव सांगता येवा. माझ्या वाटेवरची ती पाच घरां गेली तेव्हा ढोल नाय वाजलो गो. शेजारीण म्हणाली, येतंय, आणि गेली. मगे दुसरी गेली. माझे झिल मुंबयक गेले. मी मागे वळान बघी तेव्हा कुलूपच दिसा." जाईच्या तोंडातून त्यांनी पोत सोडवली. "आता एकच दार उघडा आसा माझ्या समोर. जा, वाच जा. घसो बसलो तर गरम पाणी पी."

मी साकव ओलांडला. मागे अख्खं गाव बघत होतं आणि या वेळी चप्पल पायातच होती.

दिवेलागणीच्या आधी पुस्तक संपलं. कोंबडी शहाण्यासारखी वागली. पाणी मात्र माझ्यासमोर खरंच प्यायली नाही. परत येताना मी सड्यावर चढले. सगळं पुण्याला पाठवून खाली आले. काकींच्या झोपडीपुढे बायका बसल्या होत्या आणि काकी त्यांना दीपगृहावरच्या मुलीची गोष्ट सांगत होत्या, निम्मी मी वाचलेली आणि पुढची त्यांनी स्वतः रचलेली. त्यांच्या गोष्टीत बाप केव्हाच परत आला होता आणि मुलीसाठी कुळथाची पिठी करत होता. मी दुरुस्त केलं नाही.

सोमवारी सकाळी ढोल वाजला. लोक झोपड्या सोडवायला लागले. मंदारने आमची झावळं बांधली, जागा झाडली, आणि चुलीचे तीन धोंडे ओढ्याकडे टाकायला उचलले. तो कुठलीही जागा सोडताना अशीच स्वच्छ करून सोडतो. ठाण्याचं घर सोडतानाही त्याने भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवली होती.

"ए, काय करतंस?" काकी लांबूनच म्हणाल्या.

"साफ करतोय काकी."

"धोंडे कोण टाकता काय? हे बघ, माझे आसत, बाबलभावजींचे आसत. सगळ्यांचे आपापल्या जाग्यार आसत. पुढल्या पळणीक येवन जागा शोधीत बसतलंस?"

मी तेव्हा माळभर नजर टाकली. झोपड्या उतरल्या होत्या आणि जिथे तिथे तीन तीन काळे धोंडे उरले होते, ओळीने, घराघराचे. काहींत गवत उगवून वाळलं होतं. काकींच्या चुलीच्या पलीकडे पाच चुली तशाच होत्या, न पेटवलेल्या.

मंदार धोंडा हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. पुढची पळण म्हणजे तीन-चार वर्षं. मी मान हलवली, ठेव म्हणून.

त्या दुपारी, हौशीला गोठ्यात बांधून झाल्यावर, मी पुन्हा सड्यावर गेले आणि सर्वेशचा फोन आला. पुस्तक घेतलं होतं, पुढच्या महिन्याचंही पाठवत होते. "एवढी शांतता कुठून आणलीत ताई?" त्याने विचारलं. जाई आता शाळेत जाते, आणि ज्या माणसांनी मला ती शांतता दिली त्यांच्यातच मी राहते. पण त्या सकाळी माळावर मंदारने वाकून तीन धोंडे पुन्हा एकमेकांशी लावले, हाताने हलवून पक्के बसले का ते पाहिलं, तेव्हा तो फोन अजून यायचा होता.